सातवा प्रश्न

बुवापाडा, अंबरनाथ
शनिवार, ४ जानेवारी २०२५

आई, नमस्कार.

फोन सोडून पत्र कशाला, असं वाटेल तुम्हाला. माझा फोन आता सकाळी आठपासून ऋता झोपेपर्यंत तांदळाच्या डब्यात असतो. उल्हासनगरला सोनिया मॅडम आहेत, लहान मुलांना बोलायला शिकवतात, त्यांच्याकडे मी दोनदा जाऊन आले. त्या म्हणाल्या, "बेटा, घर में फोन दिखना ही नहीं चाहिए. तू तिच्याकडे बघ, ती तुझ्याकडे बघेल." ऋता झोपेपर्यंत माझेही डोळे मिटतात. प्रीतम दर शनिवारी शिफ्ट सुटली की आनंदनगरच्या कंपनीतून तुमच्याकडे बदलापूरला येतोच, म्हणून त्याच्या पिशवीत चिठ्ठी टाकते आहे. माझं अक्षर तुमच्यासारखं नाही, सांभाळून घ्या.

ऋता दोन वर्षं पाच महिन्यांची झाली. अजून एक शब्द नाही. हाक मारली तर वळत नाही. पण शेजारच्या घरात बिस्किटाचा पुडा फाटला की धावत जाते, म्हणजे ऐकू येतं. कान तपासूनही आणले, ठीक आहेत. काही हवं असलं की माझं मनगट धरून नेते आणि माझा हात त्या वस्तूवर ठेवते. बोट दाखवत नाही. मॅडमना वाटतं, हा ऑटिझम असू शकतो. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात पूर्ण तपासणी करा म्हणाल्या, आणि तीन वर्षांच्या आत शिकवणं सुरू झालं तर चांगलं.

प्रीतम तयार नाही. मागच्या फेब्रुवारीत लसीच्या वेळी डॉक्टरांकडे वीस प्रश्नांचा इंग्रजी फॉर्म तुम्ही भरलात, आणि तो बघून डॉक्टर म्हणाले, काळजीचं काही नाही. प्रीतम तेच धरून बसलाय. "फॉर्म आईने भरलाय. आईचं कधी चुकतं का?" कधी कधी मलाही वाटतं, मीच वेड्यासारखी खोट काढत बसलेय.

तुम्ही त्याला एकदा सांगाल का? तुमचं तो ऐकेल.

तुमची
श्रद्धा


बदलापूर
शनिवार, ११ जानेवारी

प्रिय श्रद्धा,

अक्षराचं काय घेऊन बसलीस. शाळेच्या ऑफिसात तीस वर्षं मी लोकांचे अर्ज वाचले. मनातलं इतकं सरळ लिहिणारी माणसं मला बोटांवर मोजण्याइतकी भेटली.

फोन तांदळाच्या डब्यात, हे वाचून हसले आणि मग बराच वेळ तुझा विचार करत बसले. मला एक दिवस माझी मालिका सोडवत नाही. तू वीस-बावीस वर्षांच्या मैत्रिणींमध्ये, जीन्सच्या कारखान्यात दिवसभर गप्पा मारत बटणं लावणारी मुलगी. पोरीसाठी तू काम सोडलंस, आता बोलणंही सोडलंस. माझ्या वयात माणूस सहसा सुनेचं कौतुक लिहून देत नाही. मी देते आहे, जपून ठेव.

पण काळजी फार करू नकोस. प्रीतम तीन वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता. मग सुरू झाला तो थांबेना. तपासणीचं बघू सावकाश. मुंबईची दगदग, तिथली गर्दी, लहान जीव घाबरून जाईल.

त्यापेक्षा एक आनंदाचं सांगते. पुढच्या रविवारी, १९ तारखेला, ऋताचं बोरन्हाण इथे करू या. मी काळं झबलं शिवलंय, चांदण्यांच्या खडीचं. हलव्याचे दागिने बाजारातून आणत नाही, घरीच करते आहे. आमच्या वेळी कॉन्व्हेंटच्या सिस्टरसुद्धा संक्रांतीला तिळगूळ मागायच्या, आणि आम्ही मुली त्यांना इंग्रजीत गोड बोला म्हणून सांगायचो.

नक्की या.

तुझी
आई


बुवापाडा
शनिवार, २५ जानेवारी

आई,

झबलं फार सुंदर होतं. ते आधी लिहिते, नाहीतर राहून जाईल.

त्या रविवारचं मनातून जात नाही. ऋताला पाटावर बसवलं, डोक्यावरून बोरं आणि चुरमुरे ओतले, आणि दहा-बारा मुलं एकदम तिच्यावर पडली. त्यांचं काही चुकलं नाही, बोरन्हाणात मुलं लुटतातच. पण ती कान दाबून कशी किंचाळली ते तुम्ही ऐकलंत. मी तिला उचलून कोपऱ्यात घेऊन बसले तेव्हा प्रीतमच्या नेत्राकाकी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "आई कारखान्यात, पोरगी मोबाइलपाशी. मग बोलणार कोणाशी, चार्जरशी?" सगळ्या हसल्या. ऋता वर्षाची असतानाच मी काम सोडलं, हे त्यांना माहीत नाही. तुम्हाला माहीत होतं.

तुम्ही तिथेच होतात, आई. वाकून चुरमुरे वेचत होतात. मला वाटलं, आता तुम्ही मान वर कराल.

नंतर ऋता शांत झाली आणि तिने पाटाच्या कडेला बोरांची ओळ लावली. एकवीस बोरं, एका रेषेत. तुम्ही ती ओळ बघितलीत, तुमचा चेहरा पडला आणि तुम्ही आत निघून गेलात. आम्ही निघेपर्यंत बाहेर आला नाहीत.

तुम्हालाही तिची लाज वाटली का?

श्रद्धा


बुवापाडा
शनिवार, ८ फेब्रुवारी

आई,

मागच्या शनिवारी पिशवीत फक्त मेथीची जुडी होती. ठीक आहे.

मुंबईच्या हॉस्पिटलची ३ मार्चची तारीख मिळाली. प्रीतम अजून नाहीच म्हणतो. तो आला नाही तर ऋताला घेऊन मी एकटी जाईन. आधीच्या तपासणीचे कागद आणा म्हणून सांगितलंय, म्हणून इथल्या डॉक्टरांकडून तुम्ही भरलेल्या फॉर्मची झेरॉक्स आणली. इंग्रजी मला झेपत नाही, मंगळवारी सोनिया मॅडमकडून वाचून घेणार आहे.

श्रद्धा


बदलापूर
शनिवार, ८ फेब्रुवारी, संध्याकाळ

प्रिय श्रद्धा,

तुझी चिठ्ठी आत्ताच वाचली. प्रीतम बाहेर चहा घेतोय. त्याला सांगितलंय, माझं लिहून होईपर्यंत निघायचं नाही. हे पाकीट मी चिकटवणार नाही. आधी तो वाचेल, माझ्यासमोर बसून. मग तुझ्याकडे आणेल.

मंगळवारी मॅडमकडून कळण्याआधी तुला माझ्याकडून कळायला हवं. ती झेरॉक्स नसती तर मी आज हे लिहिलं असतं का? मला सांगता येत नाही.

त्या फॉर्ममधली माझी उत्तरं खरी नाहीत.

त्या दिवशी मराठी फॉर्म संपले होते. ऋता तुझ्या कडेवर हात-पाय झाडत होती, म्हणून नर्सने कागद माझ्या हातात दिला. वीस प्रश्न, प्रत्येकापुढे हो आणि नाही. मी परीक्षेला बसल्यासारखी बसले. शाईचं पेन काढलं, मान खाली घातली आणि नातीला पास करायला निघाले. हवं ते उत्तर कोणतं, हे प्रश्न वाचता वाचताच कळत होतं. हाक मारल्यावर मूल बघतं का? तसं लिहिलं. खेळण्यातल्या फोनवर खोटं खोटं बोलतं का? तसं लिहिलं. सातवा प्रश्न होता, काही गंमतशीर दिसलं तर तुम्हाला दाखवण्यासाठी बोट करतं का? तिथे पेन थांबलं. मी तुमच्या दोघींकडे पाहिलं. मग लिहिलं, हो. शेवटी विचारलं होतं, कुटुंबात कोणाला न बोलण्याची किंवा अशी काही अडचण होती का? तिथे लिहिलं, नाही. खाली सही केली. नर्स म्हणाली, "आजी, अक्षर काय सुंदर आहे." आणि मला बरं वाटलं, श्रद्धा. मला खरोखर बरं वाटलं.

प्रीतमचंही खोटं सांगितलं. तो चौदाव्या महिन्यात दूध मागायला लागला होता.

आता लाजेचं. बोरांची ओळ बघून मला ऋताची लाज वाटली नाही. मला विठा दिसली.

विठा माझी पाठची बहीण. प्रीतमला एवढंच माहीत आहे की त्याची एक मावशी लहानपणी गेली. ती एकोणीस वर्षांची होऊन काविळीने गेली, आणि त्या एकोणीस वर्षांत एक शब्द बोलली नाही. आमचे बाबा अंबरनाथला काडेपेटीच्या कारखान्यात होते. ते रिकाम्या पेट्या आणायचे आणि विठा ओट्यावर त्यांची ओळ लावायची, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकही वाकडी नाही. कोणी पेटी हलवली की किंचाळायची. लोक वेडी म्हणायचे. पाहुणे आले की आई तिला आतल्या खोलीत न्यायची.

मी शाळेतून आले की मात्र ती उठून यायची. माझ्या युनिफॉर्मला पुढे पाच बटणं होती. वरून खाली, एकेका बटणाला ती बोट लावायची आणि परत आपल्या पेट्यांकडे जायची. रोज. मला उशीर झाला तर दारात उभी असायची. कोणाची वाट बघणं तिला कळत नाही, असं सगळे म्हणायचे.

पाचवीत असताना सिस्टर बेनेडिक्टांनी आम्हाला कुटुंबावर निबंध लिहायला सांगितला. वर्गातल्या बाकी मुली उल्हासनगरच्या व्यापाऱ्यांच्या, गाडीने येणाऱ्या. मी कामगाराची मुलगी, भातशेती आणि मिठागरं सोडून आलेल्या घरातली. मी निबंधात बाबांना घेतलं, आईला घेतलं, दारातल्या शेवग्यालाही घेतलं. विठाला घेतलं नाही. निबंधाला पहिला नंबर मिळाला. हे आईबाबांना सांगायला सिस्टर स्वतः घरी आल्या, आणि ओट्यावर विठा. आईला तिला आत न्यायला वेळच मिळाला नाही. सिस्टर पांढरा झगा आवरून विठाजवळ जमिनीवर बसल्या. पेट्यांना हात न लावता, कितीतरी वेळ. दुसऱ्या दिवशी माझी वही परत देताना एवढंच म्हणाल्या, "कुंदा, यात एक जण राहिलं आहे."

रागावल्या असत्या तर मी रडून मोकळी झाले असते. मी वही दप्तरात टाकली. राहिलं ते राहिलंच. पन्नास वर्षांनी डॉक्टरांच्या कागदावर मी पुन्हा तेच केलं.

नेत्रा बोलली तेव्हा मी चुरमुरे वेचत होते, कारण मान वर केली असती तर म्हणावं लागलं असतं की हे माझ्या माहेरचं असेल, माझ्या सुनेला बोलू नका. ते माझ्याने झालं नाही. जे माझ्या घरातून आलं असेल, त्याचा दोष मी तुझ्या पदरात पडू दिला, आणि तू तो वर्षभर वाहिलास.

३ तारखेला एकटी जाऊ नकोस. प्रीतमला हाक मारते आहे. त्याचा चहा गार झाला असेल.

आई


बुवापाडा
शनिवार, १५ फेब्रुवारी

आई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा विठामावशींसाठी रडले. दुसऱ्यांदा तुमचा राग आला. अजून आहे, लपवत नाही.

एक वर्ष, आई. त्या वर्षात मी ऋताला अंगारे लावले. स्वतःला विचारत राहिले, मशीनवर बसायचे तेव्हा पोटातल्या बाळाला आवाजाचा त्रास झाला असेल का, एकदा जेवण करताना तिच्या हातात फोन दिला त्याने झालं का. मॅडमना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "ना तेरे फोन से हुआ, ना तेरी मशीन से. किसी की गलती नहीं है ये." मग झेरॉक्स बघून म्हणाल्या, "सासूमाँ ने तो सौ में से सौ दे दिए." मला हसू आलं. रागातही आलं.

प्रीतम त्या शनिवारी घरी आला, पाकीट माझ्या हातात दिलं आणि बूट न काढता ऋताजवळ खाली बसला. ती बटणांची ओळ लावत होती. कारखान्यातून मी पितळी बटणं आणली होती ना, जीन्सची, त्यांचीच. जेवायला बोलावलं तरी उठला नाही. सोमवारी सांगितलं, ३ मार्चची रजा टाकलीय.

तुम्हीही या. घरातल्यांबद्दल विचारतील, ते तुमच्याशिवाय कोणाला माहीत नाही. आणि फॉर्म तुम्हीच भरायचा. मी शेजारी बसेन.

विठामावशींचा एखादा फोटो आहे का?

श्रद्धा


बदलापूर
शनिवार, ८ मार्च

प्रिय श्रद्धा,

सोमवारी त्या खोलीत आपण सगळे होतो, मग पत्र कशाला, असं म्हणशील. तिथे तू सगळ्यांना पाहत होतीस, स्वतःला सोडून. ते मी पाहिलं, म्हणून लिहिते.

डॉक्टरीणबाईंनी ऋतासमोर गाडी ठेवली, बाहुली ठेवली. तिने ढुंकून पाहिलं नाही. मला वाटलं, संपलं. तू पिशवीतून बटणांची डबी काढलीस. ऋता ओळ लावायला लागली आणि तू त्या फरशीवर पालथी पडलीस. इस्त्रीचा नवा ड्रेस, येणारी-जाणारी माणसं, कशाचाही विचार न करता गाल फरशीला टेकवलास, तुझा चेहरा बरोबर ओळीच्या शेवटी येईल असा. एक बटण डोळ्याशेजारी धरलंस. हाक मारली नाहीस. चुटकी वाजवली नाहीस. मी मनात आकडे मोजत होते. चाळीसपर्यंत गेले. मी असते तर पाचव्या आकड्याला बटण तिच्या हातात कोंबलं असतं. तिने बटणाकडे पाहिलं, मग तुझ्या डोळ्यात पाहिलं. तू तत्क्षणी बटण दिलंस आणि हळूच म्हणालीस, "बटण." मग दुसरं. मग तिसरं.

डॉक्टरीणबाई लिहायच्या थांबल्या होत्या. "हे कोणी शिकवलं?" तू म्हणालीस, "थोडं मॅडमनी. बाकी हीच शिकवते."

जमिनीवर असं बसणारं माणूस मी आयुष्यात दोनदा पाहिलं. पहिल्या वेळी मला काही कळलं नव्हतं.

मग त्यांनी सांगितलं, ऑटिझम आहे. प्रीतमने विचारलं, बोलेल का? त्या म्हणाल्या, ते आज सांगता येणार नाही, पण तिचं म्हणणं आपल्यापर्यंत पोचेल असे रस्ते शोधू. प्रीतम जिन्यात तोंड धुवायला म्हणून गेला, ते तुलाही कळलं. मला वाटलं होतं तू कोसळशील. तू विचारलंस, "आठवड्यातून किती दिवस आणायचं?"

फॉर्म भरताना तू शेजारी बसली होतीस. सातव्या प्रश्नापुढे, नाही. कुटुंबात कोणी, यापुढे एकच ओळ होती. मला पुरली नाही, कागद उलटा करून मागच्या बाजूला लिहिलं. विठा बाळाजी, माझी बहीण. पेट्यांचं लिहिलं, बटणांचं लिहिलं, दारात थांबायची तेही लिहिलं. डॉक्टरीणबाईंना त्याचा उपयोग असेल-नसेल.

नेत्राला फोन करून सगळं सांगितलं. म्हणाली, "अगं कुंदा, मग त्या दिवशीच नाही का बोलायचंस? मी कशाला तोंड उघडलं असतं?" बरोबर बोलली.

फोटो पाठवते आहे. एवढा एकच आहे. सगळे कॅमेऱ्याकडे बघताहेत. विठा माझ्या बटणांकडे बघते आहे.

तुझा राग कमी होण्याची घाई करू नकोस. मी आहे.

आई


बुवापाडा
शनिवार, १४ जून

आई, नमस्कार.

तीन महिने झाले, शब्द अजून नाही. आधी ते सांगते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही उगाच धावायला नको. भिंतीवर चित्रांची कार्डं लावलीत, पाणी हवं असलं की ती पाण्याचं कार्ड काढून देते. कधी कधी पाण्याचं कार्ड देऊन चिवडा मागते. प्रीतम म्हणतो, हे मात्र नक्की आपल्याच घरातलं.

विठामावशींचा फोटो ऋताच्या उंचीवर लावलाय. येणाऱ्या-जाणाऱ्यांना मी सांगते, ही तिची मावशीआजी.

आता मंगळवारचं. उल्हासनगरहून येऊन मी पोळ्या लाटत होते, ऋता खाली बटणं मांडत होती. बारा बटणं, रोज तीच. एक हरवलं तर काय होतं ते तुम्हाला माहीत आहे, शेजारी दार उघडून बघतात. अकरा लावून झाली आणि बारावं नाही. ते माझ्या ओढणीच्या टोकात अडकलं होतं, मला पत्ताच नव्हता. प्रीतम नुकताच आला होता. आम्ही दोघं किंचाळीची वाट बघत उभे.

ती किंचाळली नाही. तिने त्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. माझं मनगट धरायला उठली नाही. बसल्या जागेवरून हात पुढे केला, एकच बोट, जमिनीला न टेकवता. आणि मग वर पाहिलं, माझ्या तोंडाकडे. पुन्हा जागेकडे, पुन्हा माझ्याकडे. एक राहिलंय, ते मला दाखवत होती, आई. मागत नव्हती. दाखवत होती.

तव्यावरची पोळी जळली. मला "बटण" म्हणायचंही सुचलं नाही. प्रीतम खाली बसून म्हणत होता, "परत कर ना बेटा, पप्पाला एकदा दाखव." ती कशाला करतेय. बारावं बटण मिळाल्यावर तिला आमची गरज संपली.

मॅडमना सांगितलं. म्हणाल्या, रोज होणार नाही, कदाचित महिनाभर होणार नाही, पण झालं ना. लिहून ठेव.

हॉस्पिटलच्या फॉर्मची कॉपी मी कपाटातून काढली. सातव्या प्रश्नापुढे तुमचं शाईतलं "नाही" आहे. प्रीतम बॉलपेन घेऊन बसला होता, मी खोडतो म्हणाला. मी त्याच्या हातातून कागद काढून घेतला.

उद्या रविवार आहे. सकाळीच या, जेवायलाच या. येताना तुमचं शाईचं पेन आणा. मी त्या जागेला हात लावलेला नाही, तिथलं उत्तर तुम्ही लिहायचं आहे.

तुमची
श्रद्धा